शेवटच्या ओळीतला आरोपी

“या वेळी म्हाताऱ्याने खराच खुनी लिहून ठेवलाय,” पराग म्हणाला.

सोमवारची सकाळ होती. गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी, टपालाच्या पेट्यांशेजारी एक काळा फळा आहे. त्याच्यासमोर पराग आणि आणखी दोघंतिघं उभे होते. पराग म्हणजे वाडीच्या समितीचा सेक्रेटरी. मी ऑफिसला निघाले होते. नेहमीसारखी त्यांच्या मागे, जरा बाजूला उभी राहिले आणि वाचलं.

घाटामध्ये बंगला नि बंगल्यात पडे प्रेत,
दार दार करकरे, तेल कुणी नाही देत.
वकिलाचा खोकला नि डॉक्टरचा स्वर कापे,
इन्स्पेक्टर आधी चहा भुरकतो, मग झापे.
तपासाचा निष्कर्ष हा, कुणी काही म्हणो जरी:
खुनी आहे आचारीच, डाळ त्याची नाही बरी.

पराग म्हणत होता ते खरं होतं. हा सिनेमा मी शनिवारी ऑफिसातल्या मुलींबरोबर लोअर परळला पाहिला होता. खुनी आचारीच होता.

यात एवढं काय बिघडलं, ते कळायला रेगेकाकांची पद्धत माहीत असायला हवी. काका दर रविवारी एक सिनेमा बघत. प्रेमाचा नाही, देवाचा नाही, फक्त खुनाचा, चोरीचा किंवा कुणीतरी नाहीसं झाल्याचा. आणि सोमवारी सकाळी पाणी यायच्या आधी खाली येऊन फळ्यावर सहा ओळींत त्याचं परीक्षण लिहीत. वर मथळा ‘रविवारचा तपास’. शेवटच्या ओळीत ते एका पात्रावर खुनाचा आरोप ठेवत, आणि तो आरोप नेहमी खोटा असे. ते ज्याला पकडतील तो हमखास निर्दोष. वाडीतली माणसं सिनेमाला जाताना तेवढं एक नाव यादीतून खोडून जात. ‘काकांनी पकडला तो सुटला’ ही आमच्याकडे म्हणच झाली होती. क्रिकेट खेळताना कुणाच्या नावावर काच फुटली की तो पोरगा काकांच्या दाराशी जाऊन सांगायचा, “काका, मला पकडा ना.”

ही पद्धत काकूंमुळे पडली. काकूंना मी पाहिलं आहे, पण शाळेत होते तेव्हा. त्या सिनेमाला बसल्या की पंधराव्या मिनिटाला खुनी ओळखायच्या. युक्ती साधी होती. “एवढा महागडा नट घेतलाय आणि काम काय, तर छत्री धरायची? हाच तो,” असं म्हणून त्या मध्यंतरापर्यंत झोप काढत. काकांचा तपास अजून पहिल्या साक्षीदारापाशी असायचा. घरी आल्यावर काकू गॅलरीत कपडे वाळत घालता घालता खुनी कोण ते सगळ्यांना सांगून मोकळ्या होत. त्यावर उपाय म्हणून काकांनी फळ्यावर भलत्यालाच आरोपी करायला सुरुवात केली, म्हणजे काकूंचं खरं की काकांचं, असा निदान संशय तरी राहावा. काकू गेल्या, तरी काकांनी खोटा आरोप ठेवणं सोडलं नाही.

काका एका विमा कंपनीत क्लेम तपासायला होते. चेहऱ्यावर कायम अर्धा अविश्वास. त्यांच्याशी बोलताना दूधवालासुद्धा जरा सांभाळून बोले. “खोटं बोलणारा माणूस तपशील जास्त देतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका जळालेल्या गोदामाची गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. सगळं जळलं होतं, मालक धाय मोकलून रडत होता, वरिष्ठ सही करायच्या बेतात होते. काकांनी भिंतीवर एक खिळा पाहिला. खिळ्याखाली काच नव्हती. मालकाने आग लागायच्या आदल्या दिवशी देवाची तसबीर तेवढी घरी नेली होती. “माणूस कंपनीला फसवतो, देवाला जाळत नाही,” काका म्हणायचे आणि मग स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन नाक पुसायचे.

फळ्यावरच्या कविता या खिळ्याच्याच जातीच्या असायच्या. सिनेमात बाकीच्यांनी न पाहिलेलं काहीतरी त्यांना दिसलेलं असे. माझ्या लहानपणच्या दोन ओळी मला पाठ आहेत:

नवऱ्याचा खून होता बाई रडे खळखळ,
साडीची ना घडी मोडे, ओघळे ना ते काजळ.

मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलायचो, पण वाचताना मला अक्षर अक्षर जुळवावं लागे. माझं सगळं मराठी वाचन या फळ्यावर झालं. त्यामुळे कितीतरी वर्षं मला ‘संशयित’ आणि ‘पंचनामा’ वाचता यायचं, पण मराठी महिन्यांची नावं धड सांगता यायची नाहीत. काकांशी बोलायला मात्र मी लाजायचे. कुणाशीही लाजायचे. मी नऊ वर्षांची असताना टपालाच्या एका पेटीचं दार कुणीतरी उचकटलं होतं. सगळी मुलं रांगेत उभी. मी ते होताना गॅलरीतून पाहिलं होतं आणि गप्प होते. काका माझ्यासमोर थांबले. “हिने बघितलंय,” ते म्हणाले. “पण ही बोलायची नाही.” तेव्हापासून ते मला साक्षीदार म्हणत. ए साक्षीदार, शाळा सुटली का? ए साक्षीदार, नोकरी लागली म्हणे. मी मान हलवायचे आणि जिना चढायचे.

तर त्या सोमवारी वाडीत बराच दंगा झाला. चौदा जणांनी त्याच दिवशी संध्याकाळची तिकिटं काढली होती. खरं तर काकांनी आचाऱ्याचं नाव लिहिलं म्हणून कुणाला काही कळलं नसतं. उलट लोकांनी आचाऱ्याला निर्दोष धरलं असतं. आदल्या रात्री पराग सिनेमा बघून आला आणि त्याने ‘खराच खुनी’ म्हणून सगळ्यांना सांगितलं. लिहिलं काकांनी, फोडलं परागने. पण हे बोलायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

मंगळवारी समितीच्या खोलीत बैठक झाली. आई निघाली म्हणून मीही गेले आणि दाराशी बसले. पराग म्हणाला की फळा सगळ्यांचा आहे, पाण्याच्या वेळा आणि टाकी धुण्याच्या सूचना लिहायला जागा उरत नाही, आणि आता काका लोकांच्या तिकिटांशीही खेळायला लागले. चुकून झालं की मुद्दाम केलं, एवढं त्यांनी सांगावं.

काका खुर्चीत ताठ बसले होते. “मुद्दाम,” ते म्हणाले. “सिनेमा रद्दी होता.”

मला ते पटलं नाही. सिनेमा रद्दी असता तर काकांनी तो सहा ओळींत सोलून काढला असता. नियम मोडला नसता. आणि मग दाराशी बसल्या बसल्या मला त्या सिनेमाचा शेवट आठवला. पोलीस डॉक्टरला घेऊन जातात. गाडीचा आवाज लांब जातो. मग आचारी एकटा स्वयंपाकघरात येतो, पिठाच्या डब्यात हात घालतो, मेलेल्या बाईची अंगठी काढतो आणि पुसून बोटात घालतो. एक शब्द नाही. नुसतं संगीत. हा सिनेमा जो फक्त ऐकेल, त्याच्या दृष्टीने खुनी डॉक्टरच. आणि आचारी निर्दोष.

खुर्चीत बसलेल्या काकांकडे मी पाहिलं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघत नव्हते, आवाजाच्या दिशेने कान देत होते. मी त्या बैठकीत बोलले असते तर ते आरोपातून सुटले असते. पण त्यांची एकुलती मुलगी शुभदाताई माटुंग्याला राहते. तिला कळलं असतं तर त्याच संध्याकाळी टॅक्सी आली असती आणि काकांची खोली, त्यांचा रविवार, सगळं संपलं असतं. म्हणूनच ते खोटा कबुलीजबाब देत होते. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यात त्या दिवशी शहाणपण किती आणि सवय किती, हे मला अजून ठरवता येत नाही.

फळा काकांकडून काढून घेतला गेला.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी त्यांच्या दाराशी गेले. जिन्यात वाक्य तीनदा मनात म्हणून घेतलं होतं. मी विचारलं की आज तुमच्याबरोबर सिनेमाला येऊ का. काका शर्टाची बटणं लावत होते. एक बटण चुकलेलं होतं.

“कधीपासून माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“मंगळवारपासून.”

“पुरावा?”

मी सांगितलं की सहा महिन्यांत एकाही कवितेत साडी नाही, मिशी नाही, कुणाचा टोप नाही. नुसती करकरणारी दारं आणि खोकले आहेत.

काकांनी चुकलेलं बटण चाचपलं, काढलं आणि नीट लावलं. “क्लेम मंजूर,” ते म्हणाले. “शुभदाला सांगायचं नाही. आणि मला हाताला धरून न्यायचं नाही. तू नुसती शेजारून चाल आणि खड्डा आला की खोक.”

अशी आमची वर्षभराची भागीदारी सुरू झाली. काकांना अगदीच दिसत नव्हतं असं नाही. उजेड आणि काळोख कळायचा, माणसाची आकृती कळायची, पण बरोबर मध्ये, जिथे चेहरा असतो तिथे, काही नसायचं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांबद्दल हात टेकले होते. थेटरात काका पूर्वी मागच्या रांगेत बसत. आता पहिल्या तीन रांगांत, कडेला. मी त्यांच्या डाव्या कानाशी लागून पडद्यावर काय चाललंय ते सांगायचे.

सुरुवातीला मी इतकं हळू बोलायचे की त्यांना काही कळत नसे. “अगं, खून पडद्यावर झालाय,” ते म्हणायचे. “तू का दबकतेस?” शिवाय मी काय सांगायचे? तो आला, ती बसली, तो रागावला. काका वैतागत. रागावला हे आवाजावरून कळतं, मला हात सांग. घड्याळ कोणत्या मनगटाला आहे? दोन कप आहेत ना, मग प्यायले कितीजण? चपला दाराकडे तोंड करून आहेत की आत? हळूहळू मला समजलं की हे सगळं मी बघतच होते. लहानपणापासून बघत होते. फक्त कुणाला सांगत नव्हते. हे मी त्यांना एकदा घरी परतताना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “नुसतं बघणं फुकट आहे गं. सांगितलं की साक्ष होते.”

परदेशी सिनेमे लागले की जास्त मजा. खालच्या इंग्रजी ओळी वाचून त्यांचं मराठी मी जागच्या जागी करायचे. एका सरदाराची बायको पोलिसांना मोठं भावनिक काहीतरी सांगत होती आणि माझ्या तोंडून घाईत निघालं, “ती म्हणतेय, मी तेव्हा भाजी आणायला गेले होते.” काका इतके हसले की पुढच्या बाईने वळून पाहिलं. किल्ल्यात राहणारी बाई भाजीला जात नाही, ही खोटं बोलतेय, खुनी हीच, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. ते बरोबर निघालं, आणि अर्थातच फळ्यावर त्यांनी तिच्या निरुपद्रवी दिराला पकडलं.

फळ्यावर म्हणजे, आधी फळ्याशेजारी. कविता ते तोंडी रचत आणि मी कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या बाजूला लिहून पेट्यांच्या वर चिकटवायचे. माझं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, सुटंसुटं आणि मोठं. पहिल्या दोन आठवड्यांत कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या सोमवारी पराग तिथे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं आणि आरोपी खरा की खोटा असं विचारलं. मी म्हटलं खोटा. “मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि त्याने खडूंचा डबा माझ्या हातात दिला. टाकीची सूचना त्याने स्वतःच पुसली. काका हल्ली लिहायला का येत नाहीत, हे त्याने विचारलं नाही. आता वाटतं, त्यालाही बहुतेक कळलं होतं.

एकदा मात्र मी काकांना मध्येच सोडलं. मध्यंतरानंतर मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, “मॅडम, गोष्टी घरी जाऊन सांगा ना.” आजूबाजूचे हसले. मला कानापर्यंत गरम झालं. त्यानंतर मी एक शब्द बोलले नाही. काकांनी दोनदा हळूच विचारलं, “आता?” मी त्यांच्या हाताला नुसता हात लावला. शेवटची चाळीस मिनिटं ते मान किंचित वाकडी करून तसेच बसून राहिले. परतताना ते रागावले नाहीत, निकालही विचारला नाही. फक्त सोमवारच्या कवितेत दोन ओळी घालायला सांगितल्या, आणि त्या मला माझ्याच हाताने फळ्यावर लिहाव्या लागल्या:

अर्धा खटला झाला नि साक्षीदार हो फितूर,
पुढचे ते देवा ठावे, मला दिसला तो धूर.

वाडीला वाटलं, सिनेमात सिगरेटी फार असतील.

श्रावणात काका जिन्यावरून पडले. शेवटची पायरी त्यांना पायरी वाटली नाही. मनगट मोडलं आणि शुभदाताई धावत आली. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारताच तिला सगळं समजलं. तिने आरडाओरडा केला नाही. नंतर खोलीत, त्यांच्या शर्टांच्या घड्या घालताना एवढंच विचारलं, “बाबा, मला का नाही सांगितलं?”

“तू विचारलं असतंस तर सांगावं लागलं असतं,” काका म्हणाले. “म्हणून तुला विचारू दिलं नाही.”

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता हिला माझा राग येणार. पण तिने मला विचारलं की ते आजकाल हसतात का. मी हो म्हटलं. तिने पुढची घडी घातली. गणपती झाल्यावर काकांना माटुंग्याला न्यायचं ठरलं आणि काकांनी वाद घातला नाही. निकाल लागला की ते अपील करत नसत.

माटुंग्याला मी त्यांना दोनदा भेटले. खोली चांगली होती, हवा चांगली होती. शुभदाताईने मोठ्या आवाजाचा टीव्ही घेतला होता. काका तो लावत नसत. “घरात खून बघू नये,” असं म्हणाले. “सवय लागते.” थंडीत, एका दुपारी, जेवण झाल्यावर झोपलेले ते उठलेच नाहीत. वाडीच्या फळ्यावर परागने त्यांचं नाव आणि वेळ लिहिली आणि शेवटची ओळ लिहायला जागा रिकामी ठेवली. तिथे काय लिहावं ते त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

पण काका आठवले की मला माटुंग्याची खोली आठवत नाही. आठवतो तो त्यांचा वाडीतला शेवटचा रविवार. दादरचं जुनं थेटर, दुपारचा खेळ, आणि कधी नव्हे ते सगळ्या खुर्च्या भरलेल्या. काकांच्या मनगटाला अजून प्लास्टर होतं. सिनेमा एका पैसेवाल्या म्हातारीच्या खुनाचा होता. भाचा, सून, नर्स, माळी. मध्यंतरात काकांनी काकूंची युक्ती लावली आणि विचारलं की सगळ्यात छोट्या कामात सगळ्यात महागडा नट कोण. मी नर्सचं नाव घेतलं. मग काका निवांत झाले. वेफर्स खात त्यांनी कविता रचायला घेतली आणि चौथ्या ओळीपर्यंत आले. शेवटी माळ्याला पकडायचं म्हणाले. बिचाऱ्याला पूर्ण सिनेमात दोन वाक्यं आहेत, गुलाबांना पाणी घालतो, त्याच्याइतका निर्दोष कोण मिळणार? माळी आणि टाळी, यमकही आयतं आहे.

शेवट आला. नर्सला बेड्या पडल्या. लोक उठायच्या बेतात असताना पडद्यावर पुन्हा बाग दिसली. संगीतही थांबलं. थेटरात पंख्यांची घरघर तेवढी होती. माळी गुलाबाच्या वाफ्याशी गुडघे टेकून बसला, हाताने माती उकरली आणि तिच्यातून म्हातारीची जपमाळ बाहेर काढली. झटकली. खिशात टाकली. चारशे माणसं श्वास धरून बसली होती.

काकांची मान माझ्याकडे वाकडी झाली होती. पडद्यावरचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता आणि चेहऱ्यावर शाळेत उत्तर ठाऊक नसलेल्या मुलासारखी अधीरता होती. “आता?” त्यांनी विचारलं. त्या शांततेत ते चार रांगांना ऐकू गेलं. मागून कुणीतरी शूऽऽ केलं.

मी त्यांच्या कानाशी वाकले नाही. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज कधी शेवटच्या बाकापर्यंत गेला नव्हता. त्या दिवशी तो बाल्कनीपर्यंत गेला असावा.

“काका, माळीच खुनी आहे,” मी म्हणाले. “शेवटच्या ओळीत दुसऱ्या कुणाला तरी पकडा.”